डेल्फची निम्मी तयारी कानांनी आणि तोंडाने

पुण्या-मुंबईतल्या अनेक शाळांत आठवीपासून फ्रेंच निवडता येते. ती निवडताना बहुतेक घरांत ‘स्कोरिंग विषय’ हाच विचार असतो. धडा पाठ करावा, क्रियापदांची रूपे घोकावीत, उताऱ्याचे भाषांतर करावे, की शाळेच्या परीक्षेत गुण मिळतात. त्याच सवयीने मुले डेल्फच्या तयारीला लागतात आणि तिथेच घोटाळा होतो. १९८५ मध्ये सुरू झालेली ही परीक्षा फ्रेंच मातृभाषा नसलेल्यांसाठी असून तिचे प्रमाणपत्र फ्रान्सचे शिक्षण मंत्रालय देते. तिच्या ए-१, ए-२, बी-१ आणि बी-२ अशा चार पातळ्या आहेत. शाळकरी मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. काठिण्य तेच, विषय मात्र त्यांच्या वयाला साजेसे. आपल्याकडे ही परीक्षा आलियाँस फ्राँसेजच्या केंद्रांवर देता येते.

या परीक्षेची गुणविभागणी पाहिली की तयारी कशी करावी हे आपोआप कळते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० पुरतात, पण प्रत्येक भागात किमान ५ हवेतच. लेखनात २२, वाचनात २३ आणि बोलण्यात १५ मिळवणारा विद्यार्थी ऐकण्यात ४ वर अडकला, तर एकूण ६४ गुण असूनही नापास होतो. म्हणजे एका भागातली उणीव दुसऱ्या भागातल्या हुशारीने झाकता येत नाही. आणि निम्मे गुण तर वहीत न मावणाऱ्या कौशल्यांचे आहेत. फ्रेंचमध्ये शब्दांच्या शेवटची अनेक अक्षरे लिहिली जातात, उच्चारली जात नाहीत. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही वाक्ये कागदावर वेगळी दिसतात, कानाला मात्र दोन्ही ‘इल पार्ल’ अशीच ऐकू येतात. केवळ डोळ्यांनी शिकलेल्या मुलाला ओळखीचा शब्दसुद्धा ध्वनिफितीत सापडत नाही, तो यामुळेच. बी-१ च्या तोंडी परीक्षेत तर परीक्षकाशी ऐनवेळी संवाद साधायचा असतो आणि छोट्या उताऱ्यावरून स्वतःचे मत मांडायचे असते. पाठांतर तिथे पहिल्या उपप्रश्नालाच संपते.

यावर पालक विचारतात की आजूबाजूला फ्रेंच बोलणारे कोणी नसताना मुलांनी ऐकायचे कुठून? ही अडचण एके काळी खरी होती. आज रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचे सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे बातमीपत्र संहितेसह फुकट मिळते, आणि टीव्ही-५ मोंदच्या संकेतस्थळावर पातळीनुसार स्वाध्याय आहेत. आधी संहिता न पाहता ऐकावे, मग संहिता समोर ठेवून ऐकावे आणि शेवटी तेच मोठ्याने म्हणावे. हा सराव रोज थोडा वेळ झाला तरी पुरे. दुसरा आक्षेप असा, की जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की भागते. प्रश्नांचे स्वरूप आणि वेळेचे गणित समजायला त्या हव्यातच. पण त्यांतून आपण कुठे कमी पडतो एवढेच समजते. ती उणीव भरून काढायला रोजचे ऐकणे-बोलणेच लागते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दहावी-बारावीच्या ओझ्यात आणखी एक परीक्षा कशाला? घाई असेल तर ती खरोखरच नको. डेल्फला वयाची चढाओढ नाही, खालची पातळी न देता थेट वरच्या पातळीला बसता येते, आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. तेव्हा वर्गातल्या इतरांनी कोणती पातळी दिली हे न पाहता, मुलाला आज फ्रेंचमध्ये काय करता येते ते पाहून पातळी आणि वर्ष ठरवावे.

व्याकरणाचे महत्त्व यातून कमी होत नाही. लेखन तपासताना दिलेले काम पूर्ण झाले का, मजकूर सुसंगत आहे का, शब्द योग्य आहेत का, यांबरोबर व्याकरणही पाहिले जाते. पण ते अनेक निकषांपैकी एक असते. म्हणून शाळांनी फ्रेंचच्या तासांपैकी निम्मा वेळ ऐकण्या-बोलण्याला द्यावा आणि चुकत बोलणाऱ्या मुलाला मध्येच अडवू नये. फ्रेंचमध्ये बोलणे समजून घेऊन उत्तर देण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याच्या प्रमाणपत्राला खरा अर्थ येतो. पुढे फ्रान्समधल्या विद्यापीठांत फ्रेंच माध्यमातून पदवीसाठी साधारणपणे बी-२ मागितले जाते, तेव्हाही त्याला तीच सवय उपयोगी पडते.