नवी पिले, जुने खुराडे

दारात पाचदहा कोंबड्या असल्या की घराला आधार असतो. अंडी घरात खाता येतात. उरली तर विकता येतात. मुलांची वही, घरातले तेलमीठ त्यातून निघते. कोंबड्या कमी झाल्या की आपण बाजारातून पिले आणतो. त्यात काही चूक नाही. पण आणलेली पिले आपण सरळ जुन्या कोंबड्यांत सोडतो. तिथेच घात होतो.

आमच्या वर्गाला एक मावशी येतात. त्यांच्याकडे १२ कोंबड्या होत्या. आठवडी बाजारातून त्यांनी महिनाभराची ६ पिले आणली. त्याच रात्री ती खुराड्यात कोंडली. पाचव्या दिवशी एक पिलू मान वाकडी करून बसले. पुढच्या आठवड्यात जुन्या कोंबड्यांना हिरवी, पातळ शीट होऊ लागली. महिन्याच्या आत खुराडे रिकामे झाले. मावशी म्हणाल्या, "पिलं तर धडधाकट दिसत होती. मग हा रोग आला कुठून?"

तो पिलांबरोबरच आला. रोग अंगात शिरला, तरी काही दिवस बाहेर दिसत नाही. या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. दवाखान्यात त्याला राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयाकडचे गाव. १९२८ च्या सुमारास तिथल्या कोंबड्यांत हा रोग आढळला, म्हणून हे नाव पडले. रोग लागल्यावर त्याला औषध नाही. आधी टोचलेली लस हाच बचाव.

मग नवी पिले आणूच नयेत का? आणावीत. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात. आधी दूर ठेवा, मग दाखवा, मग मिसळा.

आधी दूर ठेवा. नवी पिले ३ ते ४ आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या डालग्यात ठेवावीत. खाली भाताचे तूस पसरावे. ओले झालेले तूस रोज काढावे. ओलीत रक्ती हगवण वाढते. खाण्यापाण्याची भांडी वेगळी ठेवावीत. आधी जुन्या कोंबड्यांचे काम उरकावे, मग पिलांचे. नंतर हातपाय साबणाने धुवावेत. आपल्या पायाला लागलेल्या शिटेतूनही रोग जातो.

थंडी असेल तर रात्री वर दिवा लावावा. ऊब पुरते की नाही हे पिलेच सांगतात. दिव्याखाली गर्दी केली, तर त्यांना थंडी वाजते. दिव्यापासून लांब पळून चोची उघडल्या, तर उकडते. सगळीकडे पसरून बसली, तर ठीक आहे.

पिले घेतानाच विचारावे, "पहिल्या आठवड्यातला लशीचा थेंब दिला का?" पुढची लस दोन महिन्यांच्या सुमारास टोचतात. जनावरांच्या दवाखान्यात तारीख विचारून घ्यावी. जुन्या कोंबड्यांनाही लस हवीच. लशीची बाटली उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून चारपाच घरांनी मिळून एकाच दिवशी लस टोचून घ्यावी.

मग दाखवा. पिले धड राहिली, तर त्यांचे डालगे जुन्या खुराड्याजवळ आणावे. मध्ये जाळी असावी. आठवडाभर ती एकमेकांना बघतील. कोंबड्यांतही मानपान असतो. कोणी आधी खायचे, कोणी मागे सरायचे, हे ठरलेले असते. नवे पिलू आले की जुन्या कोंबड्या चोच मारून त्याला त्याची जागा दाखवतात. लहान पिलू त्यात मरतेसुद्धा. म्हणून पिले अंगाने भरल्याशिवाय मिसळू नयेत.

मग मिसळा. एकटे पिलू कधी सोडू नये. दोघेतिघे बरोबर असावेत. अंधार पडल्यावर, कोंबड्या बसल्या की पिले हळूच त्यांच्यात ठेवावीत. पहाटे मात्र आपण लवकर उठावे आणि लक्ष ठेवावे. दाणापाणी दोन ठिकाणी ठेवावे. एकच कोंबडी दोन्हीकडे राखण करू शकत नाही. लपायला एखादा आडोसा ठेवावा. थोडी टोचाटोची चालायचीच. पण रक्त आले, तर ते पिलू लगेच बाजूला काढावे. रक्त दिसले की सगळ्याच कोंबड्या तिथे टोचतात.

एखादे पिलू मेलेच, तर ते उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. नाहीतर आपला रोग शेजाऱ्याच्या दारी जातो.

मावशींनी यंदा पुन्हा पिले आणली आहेत. ती अजून मागच्या पडवीत, डालग्यात आहेत. नातू रोज विचारतो, "आजी, आज सोडायची का?" मावशी भिंतीकडे बोट दाखवतात. पिले आणली त्या दिवसाची तारीख त्यांनी तिथे खडूने लिहिली आहे. स्वतःच्या हाताने.