गावस्कर बाद झाला, आत्या राहिली

माळ्यावरचा पत्र्याचा डबा उतरवला, तर आत सत्तावीस कॅसेटी. एकेकाळी हा माझा खजिना होता. कुणाला तिकिटं जमवायचा नाद असतो, कुणाला काड्यापेट्यांचा. मला आकाशवाणीवरचं क्रिकेटचं समालोचन भरून ठेवायचा होता. माजलगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यात रेडिओ हेच मैदान! टू-इन-वनला सहा मोठे सेल लागत. ते संपत आले की उन्हात ठेवून पुन्हा घालायचे. तेवढ्यावर दोन-चार षटकं निघत.

डबा काढायला कारण झाली माझ्या आत्याची नात. तिनं आजीचा आवाज कधी ऐकलेला नाही. “मामा, तुमच्याकडं आज्जीच्या ओव्या भरलेल्या होत्या म्हणं?” असं तिनं फोनवर विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

ओव्या भरल्या होत्या, हे खरं. १९८७ चा पितृपंधरवडा. दसरा झाला की आत्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणार होती. आमच्या बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं तेव्हाही जात, आजही जातात. गावात पिठाची गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं. माझ्या हट्टापायी ती ओंजळभर ज्वारी घेऊन बसली. जात्याला हात लागला की ओवी आपोआप येते, नुसतं बसून म्हणता येत नाही, असं ती म्हणे. अर्ध्या तासाची एक बाजू भरली. पुसली जाऊ नये म्हणून मी कॅसेटची मागची पट्टीही मोडली.

आणि ५ नोव्हेंबरला, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याच्या दिवशी, घरात कोरी कॅसेट नव्हती. गूचच्या ११५ धावांनी इंग्लंड २५४ वर पोचलेलं. आपली फलंदाजी तरी भरून ठेवावी म्हणून मी त्या मोडक्या पट्टीच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि बटण दाबलं. ‘चुकून’ हा शब्द मला वापरता येणार नाही.

कॅसेट संगणकावर घेणं फारसं अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. तासाची फीत उतरायला तासच लागतो. स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं, पेन्सिलीनं फीत ताणून घेतली. आवाज दबका येत होता, म्हणून हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवला.

पहिली बारा मिनिटं वानखेडेवरचा गलका. मग डिफ्रेटसनं गावस्करचा त्रिफळा उडवला. धावा ४. मी रागानं यंत्र बंद केलं होतं, तो खटका ऐकू आला आणि पाठोपाठ जात्याची घरघर. ओवी मधूनच सुरू झाली. भारत ३५ धावांनी हरला, त्याचं मला अनेक वर्षं दुःख होतं. पण गावस्कर टिकला असता, तर आत्या राहिली नसती!

आरंभीच्या देवाच्या ओव्या गेल्या. तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव गुंफलेली एक होती, तीही गेली. ती होती एवढंच आठवतं, शब्द आठवत नाहीत.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रण झालं. बाबासाहेबांवरच्या त्या ओव्या २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळू लागल्या. ऐकताना वाटलं, परकी माणसं यंत्रं घेऊन आपल्या तालुक्यात आली आणि घरातल्या माणसानं मात्र पुसून टाकलं.

पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, आत्या गावी परतली. आल्या आल्या म्हणाली, “लाव की रं माझं गाणं.” मी सांगितलं, कॅसेट बिघडली. “जाऊ दे, दुसऱ्या म्हणीन. वव्यांला काय तोटा हाय?” मग कधी सेल नव्हते, कधी ती नव्हती.

उरलेली अठरा मिनिटं नातीला पाठवली. फितीच्या शेवटी आत्या विचारते, “भरलं का रं सगळं?” आणि माझा कोवळा आवाज ऐटीत म्हणतो, “सगळं.”

रात्री नातीचा फोन आला. “मामा, ओवी मधूनच का सुरू होती?”

तिला सगळं सांगितलं. आत्याला सांगितलं नव्हतं.