इंग्रजी वाक्यविचार, लेखांक सातवा : ‘पनवेलची’ की ‘पनवेलहून’?

मागील लेखांकात उद्देश्य आणि विधेय यांची फारकत आपण केली. आता त्या दोहोंच्या विस्ताराकडे वळताना, विद्यार्थी जेथे हमखास अडखळतो ते स्थळ आधी घेणे इष्ट. सुट्या शब्दांविषयी फारसा तंटा नसतो. परंतु ‘फ्रॉम’, ‘इन’, ‘ऑन’ अशा अव्ययांनी आरंभ होणारा पदसमूह नामाच्या चाकरीत आहे की क्रियापदाच्या, हे इंग्रजीत त्याच्या रूपावरून मुळीच उमगत नाही. आमच्या पनवेलच्या एस. टी. स्थानकाचाच दाखला घ्यावा. ‘द बस फ्रॉम पनवेल इज लेट’ या वाक्यात ‘फ्रॉम पनवेल’ हा समूह बस कोणती ते सांगतो, म्हणून तो विशेषणस्थानी. ‘द बस केम फ्रॉम पनवेल’ यात तोच समूह, एका अक्षराचाही फेर न होता, येणे कोठून घडले ते सांगतो, म्हणून तो क्रियाविशेषणस्थानी.

इंग्रजीत जो भेद अर्थावरून ताडावा लागतो, तो मराठी मुलाच्या जिभेवर आधीच असतो, फक्त त्याची जाणीव त्यास कोणी करून दिलेली नसते. पहिल्या ठिकाणी तो सहजच ‘पनवेलची बस’ म्हणेल, दुसऱ्या ठिकाणी ‘बस पनवेलहून आली’. नामाकडे रुजू होणाऱ्या पदाला आपली भाषा बहुधा चा-ची-चे लावून विशेष्याच्या लिंगवचनाशी जखडून टाकते. क्रियेकडे जाणाऱ्यास तसेच मोकळे सोडते. ‘टेबलावरचा दिवा विझला’ आणि ‘दिवा टेबलावर ठेवला’. ‘प्यायचे पाणी’ आणि ‘गुरे प्यायला आली’. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘ऑन द टेबल’, दोन्हीकडे ‘टु ड्रिंक’! दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली आपले मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणांचा नमुना समोर ठेवून सिद्ध केले, आणि तेव्हापासून इंग्रजीच्या गजाने मराठी मोजण्याचा शिरस्ता पडला. या एका मामल्यात गज उलटा धरण्यास कोणाची हरकत नसावी.

खरी कसोटी लागते ती द्व्यर्थी वाक्यात. ‘ही पेंटेड द बोट इन द क्रीक’ : त्याने खाडीतली होडी रंगवली, की खाडीत उभे राहून होडी रंगवली? वाक्य स्वतः याचा जबाब देत नाही. येथे ‘द बोट’च्या जागी ‘इट’ घालून पाहावे. ‘ही पेंटेड इट इन द क्रीक’ असे म्हणून अभिप्रेत अर्थ टिकला, तर तो समूह क्रियेचा. ‘इट’ने ‘इन द क्रीक’लाही पोटात घेतल्यावाचून अर्थ जुळत नसेल, तर तो होडीचा. समूह वाक्यारंभी नेला, तर मात्र संशय उरत नाही, कारण तेथून तो होडीचे विशेषण होऊच शकत नाही.

मात्र सुट्या शब्दांच्या प्रांतात हीच मराठी आपल्याला दगा देते, हेही नमूद केले पाहिजे. ‘आंबा गोड लागतो’ आणि ‘ती गोड गाते’ या दोन वाक्यांत आपला ‘गोड’ एकच. इंग्रजीत पहिल्यास ‘स्वीट’, दुसऱ्यास ‘स्वीटली’. त्यातून ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असे म्हणताना आपण गाण्याच्या रीतीलाही गाणाऱ्याचे लिंग लावतो. ‘शी सिंग्ज गुड’ हे उत्तरपत्रिकांतून वारंवार भेटणारे वाक्य केवळ निष्काळजीपणाचे फळ नव्हे; ते मराठीच्याच नियमाने रचलेले इंग्रजी आहे, आणि शिक्षकांनी त्यावर तांबड्या शाईची फुली मारण्यापूर्वी हा नियम विद्यार्थ्यास उलगडून दाखवावा.