लाल डबा : खोडवा ठेवायचा की नवी लागण करायची?



या पानावर आम्ही बेण्याविषयी, खताविषयी, हुमणीविषयी लिहितो. आज जरा वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. त्याला कारण घडले आहे.

दोन वर्षांपूर्वी हंगामाच्या तोंडावर आम्ही ब्रिक्स पाहण्यासाठी एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. गोठ्याशेजारी मोटारीचा स्टार्टर आणि त्याच्या बाजूला आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला. पाहून बरे वाटले. जवळ गेलो तर घड्याळाचा काटा लाल भागात पडलेला. विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आणला त्या वर्षी पोरांनी कसा चालतोय बघायला एकदा दाबला होता. नुसता फुस्स केला, पावडर सगळी तशीच हाय आत." आम्ही म्हटले, "आण्णा, भरून घ्या." ते म्हणाले, "बघू, हंगाम झाल्यावर."

फाल्गुनात स्टार्टरने पेट घेतला. सिलिंडर दाबला, तो चिमूटभर पावडर सांडून गप्प बसला. ट्रान्सफॉर्मरवरून लाइट बंद करून माती टाकेपर्यंत कडब्याची गंज पेटली. म्हैस सोडवली, पण पाडी वाचली नाही. आम्ही सांगितले होते, पण पुन्हा विचारले नाही, ही चूक आमची. त्या रात्री घरी येऊन आम्ही आमच्याच जिन्याखालचा सिलिंडर पाहिला. चिठ्ठीवरची तारीख टळून दीड वर्ष झाले होते!

म्हणून हा लेख.

आत काय असते?

घरोघरी दिसतो तो बहुधा एबीसी पावडरचा सिलिंडर. त्यातील पिवळसर पावडर मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेटची असते. आपण ठिबकमधून १२:६१:०० सोडतो, त्याच जातीचे हे द्रव्य. दमट हवेत उघडी राहिलेली खताची पिशवी कशी दगड होते, हे आपणास सांगायला नको. पावडरीला ओल धरू नये म्हणून सिलिकॉन चोळलेले असते. तरीही ओल गेली, की गठ्ठा होतो. पावडरीच्या वर नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. पावडर बाहेर फेकतो तो हा वायू. वायू गेला की सहा किलो पावडर आत असूनही तिचा उपयोग नाही.

आता, एकदा दाबले तर बिघडते कोठे? दाबताना पावडरीचे कण झडपेच्या बैठकीत अडकतात. मग झडप पुरती बसत नाही आणि वायू हळूहळू निसटतो. आज हिरव्यात दिसणारा काटा काही दिवसांत खाली येतो. पोरांच्या त्या एका 'फुस्स'चा अर्थ हा.

खोडवा केव्हा? म्हणजे पुन्हा भरून केव्हा घ्यावा?

१) काटा हिरव्या भागात नसेल तेव्हा. लाल भागाकडे पडला तर दाब कमी, पलीकडे गेला तर जास्त. दोन्ही वाईट.

२) एकदा, क्षणभर जरी वापरला असेल तर. 'अजून अर्धा आहे' हा हिशेब येथे चालत नाही.

३) पिन किंवा सील तुटलेले असेल तर. कोणी दाबला की नाही, हे सांगता येत नाही.

४) सिलिंडर उलटा-सुलटा केल्यावर आत पावडर सरकल्याचे जाणवत नसेल तर. गठ्ठा झाला असे समजावे. महिन्यातून एकदा असा उलटवल्याने पावडर मोकळीही राहते.

५) चिठ्ठीवरची पुढील तारीख आली असेल तर, मग काटा हिरव्यात असला तरीही. काटा फक्त दाब सांगतो, पावडरीची तब्येत सांगत नाही. ऊस वरून हिरवागार दिसला म्हणून आम्ही ब्रिक्स न पाहता तोड देतो काय?

कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे काळे भोंगे असलेल्या सिलिंडरला काटाच नसतो. तो वजनावर ओळखावा. भरलेले वजन अंगावर कोरलेले असते. आतल्या वायूत दहा टक्क्यांहून अधिक घट आली, की भरून घ्यावा. साडेचार किलोच्या सिलिंडरला ही घट ४५० ग्रॅम होते. दूध संस्थेच्या काट्यावर हे काम होते.

नवी लागण केव्हा?

खोडवा किती वर्षे ठेवायचा यालाही मर्यादा असते. सिलिंडरचे तसेच आहे.

भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २१९०) पावडर, पाणी व फोमच्या सिलिंडरचे आयुष्य १० वर्षे आणि कार्बन डायऑक्साइडचे १५ वर्षे धरतात. त्यातही पावडरच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी व कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. त्यात नापास झालेला सिलिंडर बाद करावा.

बुडाशी गंज चढून पापुद्रे सुटले, पत्रा चेपला किंवा फुगला, सांध्यावर चीर दिसली, सिलिंडर आगीत सापडला, किंवा बनावटीचे वर्षच वाचता येईना, तर भरण्यावर पैसा घालू नये. नुसती नळी फुटली असेल तर नळी बदलून भागते. गाडीत ठेवायचे छोटे, पुन्हा न भरता येणारे डबे वापरले किंवा मुदत संपली की बदलावेत. जुन्या वाड्यातून अजून शंकूच्या आकाराचे, उलटे करून आपटायचे सोडा-ॲसिडचे डबे दिसतात. त्यांना हात लावू नये. आतून गंजलेला असा डबा आपटल्यावर हातातच फुटू शकतो.

भरून घेताना फसू नका

जुनी पावडर आपल्या समोर काढायला लावावी आणि नवी समोर वजन करून भरून घ्यावी. नुसता फडका मारून नवी चिठ्ठी डकवणारेही भेटतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरून घेऊ नये, त्या हवेत ओल असते. कोरडा नायट्रोजनच हवा. एबीसीच्या सिलिंडरमध्ये खायच्या सोड्याची पावडर मिसळू देऊ नये. दोन्हींचा संयोग होऊन आत वायू तयार होतो व गठ्ठाही होतो. निघालेली पावडर 'खतच आहे' म्हणून ठिबकमध्ये सोडण्याचा मोह टाळावा, सिलिकॉनमुळे ती पाण्यात नीट विरघळत नाही. बाद सिलिंडर दाब काढल्याशिवाय भंगारात देऊ नये. नवा घेताना आयएसआय शिक्का व बनावटीचे वर्ष पाहूनच घ्यावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. फडाला लागलेली आग त्याने विझणार नाही. तो आहे नुकत्याच पेटलेल्या स्टार्टरसाठी, स्वयंपाकघरासाठी, ट्रॅक्टरसाठी. म्हणूनच ते पंधरा सेकंद वाया जाता कामा नयेत.

अमावस्येला आपली औते बंद असतात. त्या दिवशी दोन मिनिटे काढून काटा, पिन, नळी, बूड आणि चिठ्ठी एवढे पाच ठिकाणी पाहावे. यंदा आमचे गट कर्मचारी ब्रिक्स पाहायला वस्तीवर येतील, तेव्हा तेही विचारतील. आणि 'हंगाम झाल्यावर बघू' असे उत्तर आले, तर पुन्हा विचारतील.

— ऊस विकास अधिकारी