अटलांटिकवर फुटणारी लाट आणि आपला गहू

२०२२ च्या एप्रिल महिन्यात मी पंजाबातील एका गावी गेलो होतो. कापणी सुरू झाली होती. एका वयोवृद्ध शेतकऱ्याने गव्हाची ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि उरलेले दाणे माझ्यापुढे धरले. दाणे बारीक होते, सुरकुतलेले होते. यंदा पश्चिमेकडून काही आलेच नाही, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाहुणा आला नाही हे सांगावे, तसा तो सूर होता.

त्यांचे निरीक्षण अचूक होते. तो मार्च देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. देशभरात त्या महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्क्यांनी कमी पडला आणि उत्तर भारतात प्रभावी पश्चिमी विक्षोभ आले नाहीत, हे हवामान खात्याने त्याचे एक कारण म्हणून नोंदवले. गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज ११ कोटी १३ लाख टनांवरून १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला. एप्रिलमध्ये भारत जगाला धान्य पुरवण्यास सज्ज असल्याची ग्वाही दिली जात होती. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. महिन्याभरात धोरण उलटे फिरले.

‘पश्चिमेकडून’ म्हणजे नेमके कोठून, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे हिमालयावर येतात, हे शाळेतील भूगोलात असते. त्याही मागे, उत्तर अटलांटिक महासागरावर हिवाळ्यात काय घडते, याची चर्चा आपल्या धोरणकर्त्यांच्या बैठकांत क्वचितच होते. वास्तविक त्या महासागराच्या वाऱ्यांना नाव देणारा माणूस भारत सरकारचा नोकर होता.

गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी असताना, १९०४ मध्ये ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक झाले. मोसमी पावसाचे भाकीत करणे हे त्यांचे काम. सिद्धांत हाती नव्हता, म्हणून त्यांनी जगभरच्या वायुभाराच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी जमवल्या आणि भारतीय कारकुनांच्या हातून त्यांचे परस्परसंबंध तपासण्याची प्रचंड आकडेमोड करून घेतली. त्या आकड्यांतून तीन मोठी दोलने पुढे आली : एक दक्षिणेकडील, एक उत्तर पॅसिफिकवरील आणि एक उत्तर अटलांटिकवरील. पहिल्याला आपण आज एल निनोच्या संदर्भात ओळखतो. हे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलवण्यात आले. पुणेकर त्या जागेला अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

उत्तर अटलांटिक दोलन समजण्यास अवघड नाही. आइसलंडजवळ हिवाळ्यात कमी वायुभाराचे क्षेत्र असते, तर आझोर्स बेटांजवळ जास्त वायुभाराचे. या दोहोंतील फरक वाढला की महासागरावरून युरोपकडे वाहणारे पश्चिमी वारे जोर धरतात आणि उत्तरेकडे सरकतात. मग उत्तर युरोपात हिवाळा सौम्य व पावसाळी, तर भूमध्य सागराच्या भोवताली कोरडा. फरक घटला की वारे मंदावतात, दक्षिणेकडे सरकतात. उत्तर युरोप गोठतो आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये पाऊस पडतो. २००९-१० च्या हिवाळ्यात हे दोलन विक्रमी प्रमाणात ऋण बाजूला कलले होते. ब्रिटनमध्ये रस्त्यांवर टाकायचे मीठ अपुरे पडू लागले आणि वॉशिंग्टन बर्फाखाली गेले. चार वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, लंबक दुसऱ्या टोकाला होता. वादळांची रांग लागली, इंग्लंडमधील सॉमरसेटचा सखल प्रदेश अनेक आठवडे पाण्याखाली राहिला आणि डॉलिश येथे समुद्राने रेल्वेमार्गाखालची भिंतच उखडून नेली.

प्रश्न असा की हा लंबक हलवतो कोण? वॉकर यांच्याकडे याचे उत्तर नव्हते. कारणमीमांसेअभावी त्यांच्या सहसंबंधांवर समकालीनांनी शंकाही घेतल्या. उत्तराची वाट १९३९ मध्ये स्वीडिश-अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी मोकळी केली. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तरेकडे वा दक्षिणेकडे सरकलेल्या हवेला मूळ अक्षांशाकडे परतावेसे वाटते. ती परतताना पुढे निसटते, पुन्हा वळते. अशा रीतीने उंचावरील वाऱ्यांत हजारो किलोमीटर लांबीचे नागमोडी तरंग उठतात.

एरवी वाऱ्यामुळे लाटा उठतात, असे आपण समजतो. येथे त्याच्या उलटही खरे असते : हे तरंगच वाऱ्याला घडवतात. प्रत्येक तरंग आपल्यासोबत संवेग वाहून नेत असतो. समुद्राची लाट किनाऱ्यावर फुटली की पाणी मागे जाते, पण सरकलेली वाळू सरकलेलीच राहते. वातावरणातील तरंगही असेच फुटतात. त्यांची वळणे इतकी वाढतात की ती स्वतःवरच दुमडतात, आणि वाहून आणलेला संवेग झोतवाऱ्याच्या एका बाजूला जमा होतो. झोताच्या दक्षिण बाजूस, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत तरंग फुटला, तर झोत उत्तरेकडे ढकलला जातो. दोलन धन होते. उत्तर बाजूस, उलट दिशेने वळत तो फुटला, तर झोत दक्षिणेकडे लोटला जातो. अशा वेळी ग्रीनलंडजवळ उबदार हवेचा मोठा गोळा अडून बसतो आणि पश्चिमी वाऱ्यांची वाट रोखतो.

हे फुटणे काही दिवसांत आटोपते. मात्र जागा बदललेला झोत पुढच्या तरंगालाही त्याच प्रकारे फुटण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण करतो. म्हणून एक घटना विरून जाण्याऐवजी तिच्यासारख्याच घटना ओळीने घडतात आणि आठवड्याभराच्या हवेचे रूपांतर अख्ख्या हिवाळ्याच्या स्वभावात होते. कधी हा धक्का वरूनही येतो. मोठे तरंग स्थितांबरात शिरतात आणि ध्रुवाभोवतीचा हिवाळी भोवरा विस्कटून टाकतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये असे झाले आणि त्या महिन्याच्या अखेरीस युरोप पूर्वेकडून आलेल्या थंडीने गारठला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. अटलांटिकवर फुटणाऱ्या काही लाटांचे मूळ हिंदी महासागरात असते. विषुववृत्ताजवळ पावसाळी ढगांचा एक विशाल समूह तीस ते साठ दिवसांच्या चक्राने पूर्वेकडे सरकतो. मॅडन आणि ज्युलियन या शास्त्रज्ञांनी तो १९७१ मध्ये ओळखला. हा समूह हिंदी महासागरावर जोरात असला की सुमारे दहा दिवसांनी अटलांटिकवरील दोलन धन होण्याची शक्यता वाढते, हे २००८ च्या सुमारास झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. ढगांतून मुक्त होणारी उष्णता तरंग उठवते आणि ते तरंग अर्धे जग ओलांडतात. २०१९ मध्ये हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांच्या तापमानातील तफावत असाधारण वाढली होती. त्यानंतरच्या युरोपातील अतिशय उबदार हिवाळ्याशी तिचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला आहे. उलट दिशेनेही हे नाते आहे. अटलांटिकवरून निघालेले तरंग आशियाई झोतवाऱ्याच्या मार्गाने पूर्वेकडे येतात, आणि दोलन धन असते तेव्हा वायव्य भारतातील हिवाळी पाऊस वाढण्याकडे कल दिसतो, असे भारतीय शास्त्रज्ञांच्याही अभ्यासातून आढळले आहे.

२०२२ च्या मार्चचा सारा दोष अटलांटिकच्या माथी मारणे घाईचे ठरेल. हवामानात एका घटनेला एकच कारण नसते आणि तापणाऱ्या पृथ्वीचा वाटा त्यात वेगळाच. तरीही गव्हाचा दाणा भरण्याच्या दिवसांत पाहुणा येणार की नाही, याची शक्यता आधी वर्तवता येईल का, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनच्या हवामान संस्थेने २०१४ मध्ये दाखवून दिले की उत्तर अटलांटिक दोलनाचा हिवाळी कल काही महिने आधी उपयुक्त ठरेल इतपत सांगता येतो. त्यातून एक कोडेही समोर आले : प्रत्यक्ष वातावरण जितके भाकीतयोग्य दिसते, त्याहून प्रारूपे त्याला कमी भाकीतयोग्य मानतात. म्हणजे सुधारणेला वाव आहे.

आपल्याकडे संस्था आहेत. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि हवामान खाते मिळून चार आठवड्यांपर्यंतचे अंदाज नियमित देतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले. रडार, संगणक आणि उपग्रह यांवर खर्च व्हायलाच हवा. पण माझ्या अनुभवानुसार उणीव वापरात आहे. ‘साठ टक्के शक्यता’ हे वाक्य मंत्रालयाच्या फाइलीत कसे उतरवायचे, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून ते उतरतच नाही. निर्यातीचे आश्वासन, साठ्याची खरेदी, धरणांतील पाण्याचे नियोजन, विजेच्या मागणीचा अंदाज हे सारे निर्णय सरासरी हिवाळा गृहीत धरून होतात. गव्हाच्या निर्यातीविषयीचा प्रत्येक निर्णय फेब्रुवारी व मार्चच्या हवामान अंदाजाशी ताडून पाहण्याची रीत घातली, तर तिला फारसा खर्च येणार नाही.

याची गरज केवळ पंजाबला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या, तेव्हाही उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभांचा हात दक्षिणेपर्यंत पोहोचला होता.

दुसरी गोष्ट सहकार्याची. लाटेला सीमा नसते. म्हणून ती मोजणाऱ्या नोंदीही सर्वांच्या असाव्या लागतात. २०२५ मध्ये अमेरिकेत मनुष्यबळ कपातीमुळे काही ठिकाणी निरीक्षण फुग्यांची उड्डाणे कमी करावी लागली. दूरच्या एका फुग्याचा आपल्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जागतिक प्रारूपांची सुरुवातच अशा नोंदींनी होते, आणि तेथे राहिलेली पोकळी काही दिवसांत पूर्वेकडे सरकते. हिंदी महासागरावरील आपल्या नोंदी इतरांना तितक्याच मोलाच्या आहेत. जागतिक व्यासपीठांवर भारताने हा मुद्दा व्यापाराइतक्याच आग्रहाने मांडायला हवा.

वॉकर यांच्या कारकुनांनी कागदावर आकडे मांडून अटलांटिकचा लंबक शोधला, तो भारतातील दुष्काळाच्या भीतीपोटी. आज त्या लंबकाला हलवणारी लाट आपल्याला दिसू लागली आहे. पंजाबातील त्या शेतकऱ्याला पाहुणा येणार नाही हे कापणीच्या दिवशी कळले. सरकारला ते त्याच्याआधी कळावे आणि कळल्यावर त्याने काहीतरी करावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.