परग्रहवासी जोडीदार आणि मालेगावचा सुपरमॅन

परस्परविरुद्ध स्वभावाचे दोन पोलीस नाइलाजाने एकत्र येतात आणि भांडत भांडत गुन्ह्याचा छडा लावतात, अशा कथांना ‘बडी-कॉप’ चित्रपट म्हणतात. त्यातील एक जोडीदार परग्रहवासी केला की विज्ञानपट तयार होतो. १९८७ च्या ‘द हिडन’मध्ये परग्रहावरचा गुन्हेगार एका मानवी देहातून दुसऱ्यात शिरत राहतो, त्यामुळे अंतराळयानाचा खर्च वाचतो आणि समोरचा कोणताही सभ्य गृहस्थ संशयास्पद ठरतो. काटकसरीतून निपजलेली ही युक्ती भव्य देखाव्यापेक्षा अधिक परिणामकारक आहे.

नंदुरबारच्या प्रेक्षकाला या काटकसरीचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. खानदेशाला लागून असलेल्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी प्रथम ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला आणि नायक म्हणून यंत्रमागावर काम करणाऱ्या, अंगाने किरकोळ शफीक शेख यांना उभे केले. उड्डाणाच्या दृश्यांसाठी त्यांनी क्रोमा हे तंत्र वापरले. त्यात हिरव्या पडद्यापुढे नटाचे चित्रण करून मागचा हिरवा रंग संगणकावर काढून टाकतात आणि तेथे आकाश जोडतात. शहराच्या धुरामुळे हा महाबली दम्याने बेजार होतो, ही कल्पना तर मूळ सुपरमॅनकर्त्यांनाही सुचली नव्हती! फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात ही सारी खटपट नोंदली गेली असून, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ त्याच मंडळींच्या मैत्रीवर आधारलेला आहे.