क्रीट बेटावरील जैतून आणि त्याची फळमाशी

भूमध्य समुद्रातील क्रीट हे ग्रीस देशाचे सर्वांत मोठे बेट होय. त्याची लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी मात्र एके ठिकाणी अवघी १२ किलोमीटर. मधून डोंगरांची रांग गेलेली असून तिच्या उतारांवर व पायथ्याच्या मैदानांत जैतुनाच्या बागा पसरल्या आहेत. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. जैतुनाची पाने अरुंद, चिवट व खालून रुपेरी असल्याने त्यांतून पाणी फारसे उडून जात नाही. त्यामुळे चुनखडीच्या खडकाळ जमिनीतही झाड तग धरते.

तेथे मुख्यतः कोरोनेइकी ही जात लावतात. फळ करवंदाहून लहान, परंतु तेलाचा उतारा उत्तम. फळ धरते ते गतवर्षी वाढलेल्या डहाळीवर. म्हणून एका वर्षी झाड लगडले की नवी वाढ खुंटते व पुढील वर्षी बहर हलका येतो. आपल्या हापूस आंब्याची खोड हीच. छाटणीने ती कमी होते, नाहीशी होत नाही. फुले धरण्यास हिवाळ्यातील थंडी आवश्यक असते, हे जैतुनाची रोपे घेण्याच्या मोहात पडणाऱ्या आपल्या बागाइतदारांनी ध्यानात ठेवावे.

क्रीटच्या शेतकऱ्याची झोप उडविते ती जैतुनाची माशी. आंबा व पेरू नासविणाऱ्या फळमाशीच्याच कुळातील ही कीड. मादी फळाला टोचून आत अंडे घालते व अळी गर पोखरते. पुष्कळ फळे गळून पडतात आणि उरलेल्यांच्या तेलाची आम्लता वाढते. कडक उन्हात माशी दबून असते. शरदात हवा निवळली की ती झपाट्याने वाढते, आणि नेमके त्याच सुमारास फळात तेल भरत असते.

एकट्याने फवारून येथे भागत नाही. शेजारची बाग मोकळी राहिली तर तेथील माशी चार दिवसांत परत येते. म्हणून ग्रीसमध्ये हे काम सरकारी यंत्रणेमार्फत गावोगाव एकत्रितपणे केले जाते. बागांत अमोनियाचे क्षार घातलेले काचेचे सापळे टांगतात व ठरलेल्या दिवशी त्यांतील माश्या मोजतात. संख्या मर्यादेपलीकडे गेली की प्रथिनयुक्त आमिषात कीटकनाशक मिसळून झाडाच्या एका लहानशा भागावरच जाड थेंबांनी फवारा देतात. माशी आमिषाकडे ओढली जाते, त्यामुळे संपूर्ण झाड भिजविण्याचे कारण पडत नाही. सेंद्रिय बागा मात्र वगळाव्या लागतात. तेथे सापळ्यांचीच संख्या वाढवितात. धनी शहरात आणि बाग बेवारशी, अशा ठिकाणी गळलेल्या फळांतून माशी पोसली जाते. ही अडचण आपल्याही कार्यकर्त्यांच्या परिचयाची असेल.

काढणी साधारणतः नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. झाडाखाली जाळी अंथरून काठीने किंवा यंत्राच्या दांड्याने फळे झोडपून पाडतात व पोत्यांत भरून होईल तितक्या लवकर घाण्यावर नेतात. पोती रचून ठेवली की फळे तापतात आणि माशीपासून वाचविलेला माल हातचा जातो. आम्लता ०.८ टक्क्यांहून अधिक भरली तर तेलाला सर्वोच्च प्रत मिळत नाही व भाव उतरतो. घाणेवाले आपला मोबदला पुष्कळदा रोख न घेता तेलाच्या हिश्शाने घेतात.